रणगाड्यावरचा चिखल

घाटकोपरच्या आमच्या वस्तीतल्या एका मुलाने प्लास्टिकचा पॅटन रणगाडा जुना दिसावा म्हणून त्यावर सरळ काळा रंग ओतला. बापाने ओव्हरटाइमच्या पैशातून आणलेला तो! पोरगा रडवेला. आम्ही म्हटले, बाळा, आधी मोडक्या खेळण्यावर हात बसव.

मूळ रंग पुरता वाळू द्यावा. मग पातळ तपकिरी रंग फटींत सोडून वरचा पुसून घ्यावा. ब्रश कागदावर जवळजवळ कोरडा करून फिकट रंग फक्त कडांवर फिरवावा. रंग उडाल्याचे ठिपके स्पंजच्या तुकड्याने द्यावेत, तेही जवानांचे बूट घासतात तिथेच: चढायच्या जागी, झाकणाभोवती. थिनर स्टोव्हजवळ नको; दहा बाय दहाच्या खोलीत हे हमखास विसरते.

चिखल खाली, पट्ट्यांना. तो उगाच नव्हे. १९६५ साली पंजाबात असल उत्तरला पाणी सोडलेल्या शेतांत पाकिस्तानचे पॅटन रुतले होते. अहिल्यानगरच्या (तेव्हाचे अहमदनगर) रणगाडा संग्रहालयात, जे १९९४ साली सुरू झाले, पॅटन पाहायला मिळतो.

पोराने विचारले, यावर महार रेजिमेंटचा बिल्ला काढू? अरे, हा तर शत्रूचा रणगाडा! आणि १९४१ साली उभी राहिलेली आपली रेजिमेंट पायदळाची, बिल्ल्यावर मशीनगन. मग तो बिल्ला त्याने वहीच्या पुठ्ठ्यावर काढला.