भिंतीला कान नव्हे, फटी असतात!

फ्लॅट तुमचा, ईएमआय तुमचा, पण सकाळी सहाला घरात घुमतो तो शेजारच्यांचा मिक्सर! रात्री साडेअकराला वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवतं. खाली रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवून विसरतो. शेजारच्या बेडरूममधल्या सीरियलचा शेवट आपल्याला इथे पडल्या पडल्या कळतो. रविवारी तरी उशिरापर्यंत ताणून द्यावी म्हटलं, तर कुणाच्या ना कुणाच्या घरी ड्रिल मशीन निघतंच. मग एखाद्या चिडक्या सकाळी आपण ठरवतो, बस्स झालं, आता घर साउंडप्रूफ करायचं!

जरूर करा. फक्त क्रेडिट कार्ड बाहेर काढण्याआधी एवढं वाचा. कारण या कामात पैसे जातात भिंतीवर आणि आवाज येतो भलतीकडून.

फोमची फॅशन

साउंडप्रूफिंग म्हटलं की डोळ्यासमोर येतो रेकॉर्डिंग स्टुडिओतला काळा, टोकदार फोम. बजेट कमी असेल तर अंड्यांचे ट्रे. दोन्हीचा शेजारच्या मिक्सरवर काडीचाही परिणाम होत नाही. रिकाम्या फ्लॅटमध्ये टाळी वाजवली की ती घुमते, सोफा-पडदे आले की घुमत नाही. फोम करतो ते एवढंच, खोलीतल्या खोलीतला प्रतिध्वनी शोषतो. पलीकडून येणारा आवाज अडवायला लागतं वजन, आणि फोममध्ये नेमकं तेच नसतं. थर्माकोलचीही तीच गत.

शिवाय साधा फोम भुर्रकन पेटतो. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या ‘द स्टेशन’ या नाइटक्लबमध्ये स्टेजवरच्या आतषबाजीने भिंतीवरचा साउंडप्रूफिंगचा फोम पेटला आणि १०० माणसं गेली. बेडरूममध्ये पलंगामागे असलं काही चिकटवण्याआधी हे आठवा.

उदबत्ती टेस्ट

आता गंमत बघा. समजा तुमची भिंत ५० डेसिबल आवाज अडवणारी आहे. दणकट, नऊ इंची, विटांची. पण तिच्या क्षेत्रफळाचा फक्त एक टक्का भाग उघडा राहिला, तर सगळी मिळून ती अडवणार जेमतेम २० डेसिबल. हजारातला एक भाग उघडा असेल तर ३०. दहा बाय दहा फुटांच्या भिंतीत हजारावा भाग म्हणजे साधारण साडेचौदा चौरस इंच. तीस इंची दाराखाली अर्ध्या इंचाची फट असली की झाले पंधरा! म्हणजे भिंतीवर पन्नास हजार ओतले तरी दाराखालची ती फट सगळ्यावर पाणी फिरवणार. आवाज पाण्यासारखा असतो, वाट मिळाली की येतोच.

म्हणून आधी फटी शोधा. पंखा बंद करा, उदबत्ती लावा आणि तिचा धूर खिडकीच्या चौकटीभोवती, दाराच्या कडेने, एसीच्या पाइपच्या भोकापाशी फिरवा. जिथे धूर थरथरतो, तिथून हवा येते आणि जिथून हवा येते तिथून आवाजही. शेजारच्यांच्या आणि तुमच्या सामाईक भिंतीत समोरासमोर बसवलेले स्विचबोर्ड असतील तर तिथेही शंका घ्या. साडेचार इंची भिंतीत दोन्हीकडून खोबणी केल्या की मध्ये उरतंच काय?

इलाज स्वस्त आहेत. दाराच्या चौकटीला रबरी पट्टी, दाराखाली डोअर सील, एसीच्या भोकात सिमेंट किंवा प्लॅस्टर, चौकटीच्या कडेला सिलिकॉन. शनिवारची एक दुपार पुरते. दार आतून पोकळ असेल तर भरीव फ्लश डोअर बसवा. फक्त एक गोष्ट कधीही बुजवू नका, ती म्हणजे स्वयंपाकघराची आणि गॅस गीझर असलेल्या बाथरूमची हवा जाण्याची जागा. तिथे शांततेपेक्षा श्वास महत्त्वाचा.

खिडकी नावाचा भोंगा

रस्त्याकडच्या घरात खरा गुन्हेगार भिंत नसतेच, खिडकी असते. आपल्याकडच्या स्लायडिंग खिडक्या सरकाव्यात म्हणून त्यांना फट ठेवावीच लागते, आणि तिथल्या ब्रशच्या पट्ट्या चार पावसाळ्यांत झिजतात. त्यापेक्षा दारासारखी उघडणारी, बंद केली की रबरी गॅस्केटवर घट्ट दाबून बसणारी खिडकी खूप बरी. काच बदलणार असाल तर लॅमिनेटेड घ्या. दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, तो काचेची थरथर मारतो.

‘डबल ग्लास लावा, आवाज गायब’ असं सेल्समन सांगेल. पण दोन काचांमध्ये अर्ध्या इंचाची पोकळी असलेली काच उन्हाला जास्त उपयोगी, हॉर्नला कमी. आहे त्या खिडकीच्या आत चारेक इंच सोडून दुसरी खिडकी बसवली तर फरक जास्त पडतो. बाहेरून काही बदलायचं असेल तर सोसायटीला आधी विचारा, नाहीतर सेक्रेटरींचा आवाज कुठल्याच काचेने अडणार नाही.

भिंत सगळ्यात शेवटी

एवढं करूनही पलीकडची भांडणं शब्दशः ऐकू येत असतील, तर मग भिंतीकडे वळा. तिथे नुसता जाड थर चढवून फारसं साधत नाही. भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी फायदा पाच-सहा डेसिबलचा, आणि आवाज निम्मा वाटायला साधारण दहा डेसिबल कमी व्हावे लागतात. त्यामुळे उपाय असतो दुसऱ्या भिंतीचा. जुन्या भिंतीला न टेकणारी फ्रेम, आत रॉकवूल, वर जिप्सम बोर्डचे दोन थर, कडा सीलबंद. यात खोलीचे तीन-चार इंच जातात, आणि मुंबई-पुण्यात इंचाचा भाव तुम्हाला ठाऊक आहेच! फ्रेम जुन्या भिंतीला स्क्रूने घट्ट बांधणारा कारागीर असेल तर त्याला तिथेच थांबवा. धक्के त्याच स्क्रूमधून इकडे येतात.

जे विकत मिळत नाही

आणि वरच्या मजल्यावरची खुर्ची? तो आवाज हवेतून येतच नाही, स्लॅबमधून येतो. खाली फॉल्स सीलिंग करून थोडा कमी होईल, पण तो जातो वरच, जिथे तो जन्मतो. खुर्चीच्या पायांना फेल्टचे तुकडे, मुलांच्या खेळायच्या जागी जाड सतरंजी, वॉशिंग मशीनखाली रबरी पॅड. खर्च काही शे रुपये, पण घर त्यांचं!

म्हणजे जिना चढणं आलं. रात्री बारा वाजता, कपाळावर आठ्या घेऊन नव्हे. रविवारी सकाळी, हसऱ्या चेहऱ्याने. ‘काकू, एक विनंती होती. रात्री खुर्ची सरकली की आमच्या बेडरूममध्ये फार घुमतं. हे फेल्ट आणलेत, मी लावून देऊ का?’ बहुतेकांना आपला आवाज खाली जातो याचा पत्ताच नसतो. आणि त्यांच्याही खिडकीत तुमची शुक्रवारची पार्टी पोहोचत असते, तेवढंही ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

लाउडस्पीकरची गोष्ट वेगळी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात मर्यादा आहे दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल. शांततेने जगण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग, असं सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा तिथे फेल्ट नको, सरळ ११२ फिरवा.

थोडक्यात, क्रम लक्षात ठेवा: आधी कान, मग फटी, मग खिडकी, मग शेजारी आणि सगळ्यात शेवटी भिंत. अगदी चिडीचूप घर शहरात मिळणार नाही, आणि त्याची गरजही नाही. झोपताना बेडरूममध्ये ३० डेसिबलच्या आसपास आवाज असावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढं जमलं की झोप लागते, आणि झोप लागली की सोमवारचा बॉसही सहन होतो. त्याला मात्र कुठलंच रॉकवूल चालत नाही!