स्वालबार्डचा उघडा दरवाजा

उत्तर ध्रुवाच्या वाटेवर, ७४ ते ८१ अंश अक्षांशांच्या दरम्यान स्वालबार्ड हा हिमाच्छादित द्वीपसमूह पसरला आहे. भूमी नॉर्वेची; परंतु तेथे पाऊल ठेवण्यास कोणत्याही देशाच्या नागरिकाला व्हिसा लागत नाही, वास्तव्यास वा नोकरीस परवानाही लागत नाही. पारपत्रावरील शिक्क्यांनी माणसाची किंमत ठरविण्याच्या या काळात हे नवलच म्हटले पाहिजे.

या औदार्याचे मूळ मात्र व्यवहारात आहे. देवमासे आणि कोळसा यांसाठी अनेक राष्ट्रांची माणसे येथे येत, आणि बेटांवर सत्ता कोणाचीच नव्हती. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये करार झाला. सार्वभौमत्व नॉर्वेला मिळाले, आणि करारातील राष्ट्रांच्या नागरिकांना प्रवेशाचे व उद्योगधंद्याचे समान हक्क. हिंदुस्थान त्या करारात सामील झाला तो ब्रिटिश सम्राटाच्या सहीने. स्वतंत्र भारताने २००८ मध्ये तेथील न्यू-ऑलेसुंद येथे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र उघडले. करारात नसलेल्या देशांच्या नागरिकांनाही नॉर्वे आज हीच मुभा देतो, हे त्याच्या श्रेयाला जमा केले पाहिजे.

तथापि दरवाजा उघडा असला तरी अंगणाला कुंपण आहे. लाँगयिअरबेनची नियमित विमाने ऑस्लो वा ट्रॉम्सोहून सुटतात. ती शहरे शेंगेन क्षेत्रात मोडतात, स्वालबार्ड मोडत नाही. म्हणून भारतीय प्रवाशाला शेंगेन व्हिसा घ्यावा लागतो, आणि तोही दोन प्रवेशांचा. एकाच प्रवेशाचा व्हिसा घेऊन निघालेला प्रवासी बेटावर विनासायास पोहोचेल. अडेल तो परतताना! जिथे व्हिसाच लागत नाही तिथे जाण्यासाठी बँकेचे उतारे आणि विमापत्रे जुळवीत बसणाऱ्याने या विसंगतीला हसावे की रडावे?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवे काही वाटणार नाही. हक्क फुकट असतो, तो वापरण्याचा खर्च फुकट नसतो. स्वालबार्डवर बेकारभत्ता नाही की वृद्धाश्रम नाही, आणि स्वतःचे पोट भरू न शकणाऱ्याची तेथून रवानगी करण्याचा अधिकार राज्यपालाला आहे.

असे असूनही लाँगयिअरबेनच्या सुमारे अडीच हजारांच्या वस्तीत थायलंड व फिलिपिन्सहून आलेली कष्टकरी माणसे घरे करून राहिली आहेत. परंतु २०२२ मध्ये नॉर्वेने नियम बदलला. परदेशी रहिवाशाला स्थानिक परिषदेसाठी मतदान करायचे, तर नॉर्वेच्या मुख्यभूमीत तीन वर्षे वास्तव्य झालेले हवे. थेट बेटावर येऊन वर्षानुवर्षे कर भरणाऱ्याला ही अट पुरी करता येत नाही, कारण मुख्यभूमीत राहण्यासाठी त्याला परवाना लागतो.