माझ्या मायला छंद नव्हता

नातीला शाळेत घरातल्या माणसांच्या छंदांवर लिहायला सांगितलं होतं. तिनं लिहिलं, "माझ्या पणजीला वेगवेगळ्या बिया जमवण्याचा छंद होता." वही मला दाखवायला आली. अक्षर मोत्यासारखं, पण त्या एका शब्दानं माझं डोकं फिरलं. पोरीचा दोष नाही. तिला तिच्या बापानं सांगितलं असणार, आणि त्याला मीच कधीतरी हसत हसत सांगितलेलं असणार.

छंद म्हणजे पोट भरल्यावर करायची गोष्ट. कुणी तिकिटं जमवतो, कुणी जुनी नाणी. नाही जमवली तरी घरातलं कुणी उपाशी मरत नाही. माझी माय बी जमवायची ते पुढच्या साली चूल पेटावी म्हणून.

आमचं माळवदाचं घर होतं. मधल्या खणात अंधार, आणि त्या अंधारात मायची उतरंड. खाली रांजण, वर मडकी, गाडगी, शेंड्याला बोळकं. कशात तूर राखेत कालवलेली, कशात हुलगा, मटकी, कारळ, अंबाडी. वर कडुनिंबाचा पाला आणि तोंडाला चिंधी बांधून शेणानं लिंपलेलं. दोडक्याचं, काशीफळाचं, वाळकाचं बी शेणात कालवून भिंतीला थापलेलं असायचं. ज्वारीचं बी खळ्यावरच्या राशीतून घ्यायची नाही. काढणीच्या आधी पाटी घेऊन एकटी रानात फिरायची आणि बुडापासून शेंड्यापर्यंत दाणा धरलेली कणसं तेवढी खुडायची. ती कणसं तुळईला टांगलेली असत. उंदरानं एक कणीस नेलं तरी तिला कळायचं. वेलाची पहिली दोन-तीन फळं घरात चिरू द्यायची नाही. आम्ही भाजीसाठी रडायचो, ती म्हणायची, "ते बियाचं हाय."

बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. वडील खडी फोडायला जात. घरी लाल मिलोची भाकरी, मिळाली तर सुकडी. एके दिवशी मी उतरंडीतलं एक मडकं उतरवून बियाच्या भुईमुगाच्या ओंजळभर शेंगा खाल्ल्या. मायनं मला असं मारलं की आजी मधे पडली. रात्री माझ्या पाठीला तेल लावताना माय रडत होती, पण मडक्याचं तोंड तिनं पुन्हा लिंपलं होतं. पुढच्या साली पाऊस झाला तेव्हा गल्लीतल्या चार घरांना पेरायला बी आमच्या घरातून गेलं. पैसा घेतला नाही. सुगीला सवाईनं परत घ्यायचं, एवढाच तिचा व्यवहार. उपाशी लेकरू समोर असताना मडकं न फोडणाऱ्या बाईला छंद होता म्हणणाऱ्यानं आधी तेवढी भूक काढावी.

सातबाऱ्यावर मायचं नाव वडील गेल्यावर लागलं. तोवर कागदोपत्री ती कुणीच नव्हती. पण जमीन वडिलांच्या नावावर असली तरी तिच्यात काय पडायचं ते उतरंडीपाशी ठरायचं. मिरग जवळ आला की वडील मधल्या खणाच्या दारात उभे राहून विचारायचे, "यंदा तूर कंची काढतीस?" आवाज खाली असायचा. दुसऱ्या कुठल्या बाबतीत त्यांनी तिला विचारल्याचं मला आठवत नाही.

मग बियाणं दुकानात गेलं. दुकानात जायचं तर मोटारसायकल लागते, पैसा नाही तर उधारी लागते, आणि दोन्ही गोष्टी पुरुषांच्या हातात. बियाण्याची पिशवी घरात आली त्या दिवशी मायला विचारणं बंद झालं. हे कुणी तिच्याकडून हिसकावून घेतलं नाही, आम्ही पोरांनीच काढून घेतलं. खोटं कशाला बोलू, हायब्रीड ज्वारीनं आमची पोटं भरली आणि कापसानं पोरींची लग्नं झाली. त्या बियाण्याला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. पण हायब्रीडचं बी घरी धरून दुसऱ्या साली लावलं तर पीक एकसारखं येत नाही. म्हणजे दरसाल दुकानाची पायरी आली. जे बी घरी धरता येत होतं तेही आम्ही सोडून दिलं, कारण तोवर गाडग्यातलं बी म्हणजे अडाणीपणा, असं आम्हाला वाटायला लागलं होतं.

१९९६ साली मी माळवद पाडून स्लॅबचं घर बांधलं. गवंडी म्हणाला, "ही अडगळ कुठं ठेवायची?" मी म्हणालो, "टाक उकिरड्यावर." माय ओसरीवर बसली होती. काही बोलली नाही. दुपारी जाऊन शेणामातीतून जेवढं वेचता आलं तेवढं पदरात घेऊन आली. नव्या घरात ते ठेवायला अंधाराची, कोरडी जागाच नव्हती. दोन पावसाळ्यांत त्याला कीड लागली.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आम्ही पारावर टाळ्या वाजवल्या. त्या बाईंचा मान योग्यच आहे. पण त्या पारावर बसलेले आम्ही बहुतेक जण स्वतःच्या मायची गाडगी फोडणारे होतो. त्याच वर्षी जूनमध्ये मी चार एकरांत सोयाबीनच्या चार पिशव्या टाकल्या. पाऊस वेळेवर. आठ दिवसांनी तास उकरून बघितलं तर दाणा कुजलेला. दुकानदार म्हणाला, तुम्ही खोल पेरलं. पंचनामा झाला, कागद झाले, दुबार पेरणी माझ्याच खिशातून झाली. मी एकटा नव्हतो. त्या साली मराठवाड्यात इतक्या तक्रारी झाल्या की औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली.

नंतर गावात साहेब आले आणि त्यांनी शिकवलं: घरचं सोयाबीन ठेवा, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, सत्तर उगवले तर बी पेरण्याजोगं. चांगलं शिकवलं. पण मला नवरात्रातली माय आठवली. रब्बीला जे टाकायचं ते ज्वारी, करडई, हरभरा ती घटाच्या मातीत पेरायची आणि कोंब बघून सांगायची, "ही ज्वारी टाकू नगा, निम्मी बसलीय." आम्ही त्याला देवधर्म म्हणायचो.

आता कायद्यातही आहे. २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, देवघेवीचा, विकायचाही हक्क दिलाय, फक्त कुणाचा ब्रँड लावून विकायचं नाही. हक्क आला तेव्हा आमच्या घरात राखायला काही उरलं नव्हतं.

मागच्या वैशाखात सुनेला घेऊन धाकट्या बहिणीकडं गेलो होतो. तिनं फडताळातून चिंध्यांच्या सात-आठ गाठी काढल्या. त्यात वाळकाचं बी होतं, मायनं लग्नात तिच्या ओटीत घातलेलं. दरसाल लावून तिनं ते जितं ठेवलंय. मी हात पुढं केला. ती म्हणाली, "दादा, ठेवणार कुठं?" मला काही सांगता येईना. तिनं एक गाठ सोडवली, निम्मं बी दुसऱ्या चिंधीत बांधलं आणि ते माझ्या नाही, सुनेच्या हातात दिलं.