लांब पल्ल्याची शर्यत आणि शाकान्न

गेल्या हिवाळ्यांतील क्रीडासंमेलनांत तीन हजार मीटरांची शर्यत आटोपल्यावर मैदानाच्या कडेच्या कडुनिंबाखालीं दोन विद्यार्थ्यांमध्यें मोठा वाद जुंपला. एक म्हणत होता, "पालाभाजी खाऊन कोणी दमाचा धावक होतो काय?" दुसऱ्यानें तितक्याच तावातावानें उत्तर दिलें, "मांसमच्छीनें अंग जड होतें. खरा दम आमच्याच अन्नांत!" शर्यतींत पहिला क्रमांक या दोघांपैकीं एकाचाही आला नव्हता, ही गोष्ट दोघेही सोयीस्करपणें विसरले होते. शेवटीं "सर, आतां तुम्हीच सांगा" असें म्हणून त्यांनीं निवाडा आमच्याकडे सोंपविला. त्या वेळीं आम्हीं हसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाहीं, असें मागाहून आम्हांस वाटूं लागलें. आणि म्हणून जें त्या दिवशीं सांगितलें नाहीं, तें आज या अंकांत सांगत आहों.

प्रथम हें पाहूं कीं, लांब पल्ला धावतांना शरीर कोणतें इंधन वापरतें. जोराच्या व दीर्घ श्रमांत स्नायूंचें मुख्य इंधन म्हणजे पिष्टमय अन्नापासून तयार होणारी शर्करा होय. ती स्नायूंत व यकृतांत ग्लायकोजेन या रूपानें सांठविली जाते. हा सांठा सरत आला कीं धावकाचे पाय मणामणाचे होतात, आणि मग कितीही मनोनिग्रह केला तरी वेग टिकत नाहीं. स्वीडनमधील बर्गस्ट्रोम, हल्टमन आदि संशोधकांनीं १९६७ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं त्याच त्या माणसांस निरनिराळ्या आहारांवर ठेवून, थकून जाईपर्यंत सायकलीच्या यंत्रावर श्रम करावयास लाविलें. स्निग्ध व प्रथिनयुक्त अन्नावर तीं माणसें सरासरी ५७ मिनिटें टिकलीं. नेहमींच्या मिश्र आहारावर ११४ मिनिटें टिकलीं. आणि पिष्टमय आहारावर १६७ मिनिटें टिकलीं. माणसें तींच, श्रम तेच. पालटलें तें केवळ पान.

आतां हीं पिष्टमय द्रव्यें येतात कोठून? ज्वारी, बाजरी, गहूं, तांदूळ, नाचणी, मका, रताळीं, केळीं, कडधान्यें यांतून तीं येतात. मांसांत, माशांत व अंड्यांत तीं जवळजवळ नसतातच. म्हणजे मांसाहारी धावकसुद्धां जो धावतो, तो बहुतांशीं आपल्या पानांतील भाकरीच्या व भाताच्या बळावरच धावतो. कडुनिंबाखालीं भांडणारे आमचे दोघे विद्यार्थी एकाच जोंधळ्याच्या जोरावर तीन हजार मीटर धावून आले होते, आणि भांडत होते तें कालवणावरून!

ही केवळ प्रयोगशाळेंतील गोष्ट नव्हे. मेक्सिको देशाच्या चिवावा प्रांतांत खोल दऱ्या व उंच कडे यांच्या मुलुखांत रारामुरी नांवाचे लोक राहतात. बाहेरचें जग त्यांस ताराहुमारा या नांवानें ओळखतें. लांकडी चेंडू पायानें पुढें उडवीत डोंगरवाटांनीं तासन् तास धावण्याची त्यांची शर्यत प्रसिद्ध आहे. यांचें रोजचें अन्न म्हणजे मका, घेवड्याच्या जातीचीं कडधान्यें आणि भोपळा. मका भाजून त्याचें पीठ करावयाचें व तें पाण्यांत कालवून प्यावयाचें, ही त्यांची प्रवासांतली शिदोरी. आपल्याकडील सातूच्या पिठाचीच ती बहीण म्हणावी. मांस त्यांस वर्ज्य नाहीं, परंतु तें सणासमारंभासच पानांत पडतें. १९७९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत त्यांच्या एकूण उष्मांकांपैकीं सुमारे १२ टक्केच स्निग्ध पदार्थांतून येतात असें दिसून आलें. पुढें १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत त्यांच्यांतील १३ जणांस पांच आठवडे श्रीमंत देशांतील लोणी-मांस-मिठाईचा आहार देण्यांत आला. तेवढ्या अवधींत त्यांच्या रक्तांतील कोलेस्टेरॉलचें प्रमाण १२१ वरून १५९ वर गेलें व वजन सरासरी चार किलोच्या आसपास वाढलें. याच लोकांपैकीं व्हिक्टोरियानो चुरो या ५५ वर्षांच्या गृहस्थानें १९९३ सालीं अमेरिकेंतील लेडव्हिल येथील शंभर मैलांची डोंगरी शर्यत जिंकली होती.

आफ्रिकेंतील केनिया देशाचे धावक तर सर्वांस माहीत आहेत. त्यांच्यांतील दहा अव्वल धावकांचा आहार तोलून मापून २००४ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत उष्मांकांचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग पिष्टमय पदार्थांतून येत होता, आणि एकंदर उष्मांकांपैकीं सुमारे ८६ टक्के वनस्पतिजन्य होते. मक्याच्या पिठाची घट्ट शिजविलेली उगाली, पालेभाजी, घेवडा आणि दूध घातलेला चहा, हा त्यांचा थाट! थोडें मांस तेही खातात. परंतु त्यांच्या पानाचा राजा धान्यच आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, थोडें कां होईना, मांस-दूध त्यांच्या आहारांत होतेंच ना? त्यास स्कॉट ज्यूरेक या अमेरिकन धावकाचें उदाहरण उत्तर देईल. या गृहस्थानें १९९९ च्या सुमारास मांस, अंडीं, दूध हीं सर्वच सोडलीं. आणि कॅलिफोर्नियांतील वेस्टर्न स्टेट्स ही शंभर मैलांची शर्यत १९९९ पासून २००५ पर्यंत ओळीनें सात वेळां जिंकली. २०१५ सालीं ॲपलेशियन पर्वतांतील सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांची वाट त्यानें ४६ दिवस, ८ तास व ७ मिनिटांत पार केली. तेव्हां शाकान्नावर माणूस लांब धावूं शकत नाहीं, हा पक्ष टिकत नाहीं.

परंतु येवढ्यानें आमच्या दुसऱ्या विद्यार्थ्यानें छाती फुगवून घेऊं नये. अमेरिकेंतील येल विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ अर्विंग फिशर यांनीं १९०७ सालीं एक मौजेची परीक्षा प्रसिद्ध केली होती. दोन्ही हात आडवे ताठ धरून कोण किती वेळ उभा राहतो, हें त्यांनीं पाहिलें. १५ मांसाहाऱ्यांपैकीं दोघांनींच पाव तासाची मर्यादा ओलांडली. उलट मांस न खाणाऱ्या ३२ जणांपैकीं २२ जण तीपलीकडे गेले, आणि त्यांतील एक तर तीन तासांहून अधिक वेळ उभा राहिला! शाकाहाराचे अभिमानी या परीक्षेचा दाखला आजही देतात. पण विचार करा. ज्यास आपलें मत खरें करून दाखवावयाचें आहे, तो हात दुखले तरी खालीं सोडील काय? त्या परीक्षेंत अन्नाचें बळ किती आणि हट्टाचें किती, हें वेगळें करून सांगणें कठीण आहे. रारामुरी व केनियन यांचेंही तसेंच. लहानपणापासूनचें चालणें-धावणें, डोंगराची उंच हवा, अंगांतील काटकपणा, यांचें श्रेय सगळें मक्यास देणें न्यायाचें होणार नाहीं. शिवाय रारामुरी लोकांत दारिद्र्य व बालमृत्यू यांचें प्रमाण मोठें आहे, हें त्यांच्या धावण्याचीं स्तुतिस्तोत्रें गाणारे बहुधा सांगत नाहींत.

येथें आम्हांस आमची स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगी होती. घर शाकाहारी, परिस्थिति बेताची, पण पाय हरिणीचे. पहिल्या वर्षीं तिनें लांब पल्ल्याच्या शर्यतींत मोठमोठ्या शाळांच्या मुलींस मागें टाकलें. दुसऱ्या वर्षीं तिचा वेग मंदावूं लागला. ती अर्ध्यांतच धापा टाकी, वर्गांत पेंगे, जिना चढतांना थांबे. आम्हीं तिला चार मुलींदेखत आळशी म्हटलें. तिनें मान खालीं घातली, पण उलट शब्द काढला नाहीं. पुढें तिच्या आईनें तिला डॉक्टरांकडे नेलें, तेव्हां तिच्या रक्तांत लोह फारच उणें असल्याचें आढळलें. हलकें अंग चपळ धावतें अशा समजुतीनें पोरीनें रात्रीचें जेवण निम्म्यावर आणलें होतें, दूध सोडलें होतें, आणि सकाळच्या भाकरीबरोबर दोन कप चहा घेण्याची तिला संवय होती. योग्य औषध व पोटभर अन्न मिळाल्यावर कांहीं महिन्यांनीं ती पुनः मैदानावर आली. आम्हीं तिची क्षमा मागितली. पण चार मुलींदेखत उच्चारलेला शब्द परत घेतां येत नाहीं.

त्या मुलीचा अपराध शाकाहार हा नव्हता. अपुरें व अविचारी जेवण हा होता. भारत सरकारच्या २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते १९ वर्षें वयाच्या मुलींपैकीं ५९ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या, आणि त्यांत मांसाहारी घरांतील मुली कांहीं थोड्या नसतील. त्यांतही जी मुलगी धावते तिची गरज अधिक. घामावाटे, मासिक धर्मावाटे, आणि कठीण जमिनीवर वारंवार पाय आपटल्यानें रक्तपेशी फुटून, तिचें लोह खर्च होत असतें. वनस्पतींतील लोह शरीरांत मांसांतल्यापेक्षां कमी शोषलें जातें, आणि जेवणाबरोबर चहा घेतला म्हणजे तें आणखी घटतें. उलट लिंबू, आवळा, पेरू यांच्या संगतींत तें अधिक लागूं पडतें. तेव्हां उसळीवर लिंबू पिळणें ही केवळ जिभेची चैन नव्हे.

दुसरी गोष्ट ब-१२ जीवनसत्त्वाची. १९४८ सालीं शोधकांनीं तें शुद्ध रूपांत वेगळें केलें. धान्य, भाजी, फळ, डाळ यांपैकीं कशांतही तें भरंवशानें मिळत नाहीं. दूध, दहीं, अंडीं, मासे व मांस यांत तें मिळतें. यकृतांत त्याची शिल्लक कित्येक वर्षें पुरते, म्हणून उणीव लौकर कळत नाहीं. आणि कळते तेव्हां रक्ताबरोबर मज्जातंतूंसही इजा झालेली असूं शकते. जे दूधही घेत नाहींत, त्यांनीं हें जीवनसत्त्व औषधरूपानें घेतलेंच पाहिजे. येथें अभिमान उपयोगाचा नाहीं. अमेरिकेंतील आहारतज्ज्ञांच्या संस्थेनें २००९ सालीं शाकाहार खेळाडूंसही योग्य असल्याचा निर्वाळा दिला, परंतु 'सुनियोजित' हें विशेषण त्यास मुद्दाम जोडलें. आमच्या मतें सारें मर्म त्या एका शब्दांत आहे.

तिसरी गोष्ट पोट भरण्याची. भाजी, कोंडा, सालीचें धान्य यांनीं पोट लौकर भरतें, पण उष्मांक कमीच पडतात. खर्च मोठा आणि भरणा लहान असा हिशेब महिनोन् महिने चालला म्हणजे हाडें ठिसूळ होतात, वाढ खुंटते, मुलींची पाळी चुकते. म्हणून धावणाऱ्या मुलानें जड वाटणार नाहीं असें, पण वारंवार खावें. पहाटे धावण्यापूर्वीं एखादें केळें. परत आल्यावर शेंगदाणे घातलेले पोहे व पेलाभर दूध. दुपारीं भाकरी, मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, पालेभाजी व लिंबू. संध्याकाळीं गूळ-फुटाणे किंवा नाचणीचा लाडू. रात्रीं वरणभात, दहीं. लांब पल्ल्याच्या धावकास दर किलो वजनामागें रोज सव्वा ग्रॅमच्या आसपास प्रथिनें लागतात. शंभर ग्रॅम कोरड्या डाळींत तीं सुमारे २२ ग्रॅम असतात. आणि जोंधळ्यांत जें उणें तें डाळ भरून काढते, म्हणून भाकरी व डाळ यांचा जोडा मोडूं नये. यांत महागडी वस्तु एकही नाहीं. डबाबंद पुडींवर पैसे घालण्यापूर्वीं पालकांनीं घरांतील कडधान्याचा डबा उघडून पाहावा. आणि मूल वरचेवर थकत असेल तर त्यास दटावण्याआधीं त्याचें रक्त तपासून घ्यावें. लोहाच्या गोळ्या मात्र आपल्याच मनानें देऊं नयेत; अधिक झालेलें लोहही अपाय करतें.

आतां निवाडा. पवित्र शास्त्रांतील दानीएलाची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. राजाचें मिष्टान्न नाकारून तो व त्याचे सोबती दहा दिवस शाकान्न व पाणी यांवर राहिले, आणि इतरांहून टवटवीत दिसले. परंतु त्या गोष्टींत दानीएलानें इतरांच्या पानाकडे बोट दाखवून त्यांस हिणविल्याचें कोठेंही लिहिलेलें नाहीं. आपल्या देशांत अन्नाच्या प्रश्नाआड पुष्कळदां कुळाचा अभिमान दडलेला असतो. अमुक खातो तो हलका, तमुक खातो तो दुबळा, असें मुलें घरून शिकून येतात आणि मधल्या सुट्टींत डबे उघडतांना तें उगाळतात. कोणी मासळीचा डबा झाकून खातो, कोणी नुसती चटणी-भाकरी लपवितो. या दोघांसही आमचें सांगणें येवढेंच कीं, तुमच्या डब्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं, आणि गर्व करण्यासारखेंही कांहीं नाहीं. शाकान्न नीट व पुरेसें असेल तर तें लांबच्या शर्यतीस पुरतें. मांसाहार करणाऱ्यासही धावण्याचें बळ धान्यच देतें. आणि अर्धपोटीं असणाऱ्यास दोन्ही पंथ सारखेच निष्फळ.

पुढील हिवाळ्यांत त्याच मैदानावर शर्यत होईल. आमच्या त्या दोघां वादकांनीं तोंवर एक करावें: रोज सकाळीं बरोबर धावावें, आणि परत आल्यावर एका सतरंजीवर बसून आपापला डबा पोटभर खावा.