नोंद नसणे आणि शून्य असणे

पुष्कळ घरांतून आता मुलेमुली संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकत आहेत. त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहणाऱ्या वडीलमंडळींना एक दृश्य हमखास दिसते. मध्येच तांबडी अक्षरे उमटतात, मुलाच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि ती अक्षरे कशीबशी नाहीशी करण्याच्या मागे ते लागते. ती नाहीशी झाली की काम साधले, असा त्याचा समज होतो. हा समज किती घातक ठरू शकतो, हे आज वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम थोडी ओळख करून घेऊ. आज्ञावलीत ज्याला ऑब्जेक्ट म्हणतात, ते एखाद्या नोंदपत्रासारखे असते. दवाखान्यातील बालकाच्या पत्रावर नाव, जन्मतारीख, वजन असे रकाने असतात. तसेच ऑब्जेक्टालाही असतात. या रकान्यांना त्याचे गुणधर्म म्हणतात. प्रत्येक गुणधर्माला एक नाव असते आणि त्या नावापुढे एक मूल्य असते. ‘मूल.वजन’ असे मध्ये टिंब देऊन लिहिले, म्हणजे मूल या पत्रावरील वजनाचा रकाना वाचावा, असा संगणकास आदेश होतो. ऑब्जेक्टांच्या आधाराने आज्ञावली रचण्याचा पाया नॉर्वेतील ओले-योहान दाल आणि क्रिस्तेन न्यूगार्ड यांनी १९६७ सालच्या सिम्युला या भाषेत घातला. आज घरोघरी उघडणाऱ्या संकेतस्थळांमागील जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली तयार केली. तिच्यात तर जवळजवळ प्रत्येक कामात ऑब्जेक्टाशी गाठ पडते.

रकाना पत्रावर असेल तर मूल्य मिळते, हे उघड आहे. परंतु नसलेला रकाना वाचावयास सांगितला तर काय होते? जावास्क्रिप्ट अशा वेळी तक्रार करीत नाही. ती ‘अनडिफाइंड’, म्हणजे ‘अनिश्चित’, एवढेच उत्तर हाती ठेवते आणि पुढे चालू लागते. यातून काय उद्भवू शकते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू.

समजा, एका बालकल्याण केंद्रात मुलींच्या वजनांची यादी ठेवलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्याप्रमाणे, दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलीचे वजन ९ किलोग्रॅमपेक्षा कमी भरले, तर ती कमी वजनाची गणली जाते. आज्ञावली लिहिणाऱ्याने सरळ नियम घातला : वजन ९ पेक्षा कमी असेल, तर मुलीचे नाव विशेष आहाराच्या यादीत घ्यावे. दोन वर्षे पूर्ण झालेल्या तीन मुलींच्या नोंदी या नियमाखाली आल्या.

पहिलीच्या वजनाच्या रकान्यात ८.४ हा आकडा आहे. तिचे नाव यादीत आले, आणि ते योग्यच झाले. दुसरी मुलगी भरली ८ किलो, म्हणजे पहिलीपेक्षाही कमी. परंतु तिचे पत्र दुसऱ्या गावाहून आलेले, आणि तेथे त्या रकान्याचे नाव ‘वजन’ नसून ‘भार’ असे होते. आज्ञावलीने ‘वजन’ शोधले, ते सापडले नाही, उत्तर आले ‘अनडिफाइंड’. आता ‘अनडिफाइंड’ हे ९ पेक्षा कमी आहे काय, असे विचारले असता जावास्क्रिप्ट ‘नाही’ असे उत्तर देते. म्हणून या मुलीचे नाव यादीत आलेच नाही. तिसरीच्या वेळी वजनकाटा बिघडला होता. म्हणून लिहिणाऱ्याने रकाना ठेवला, पण त्यात ‘नल’, म्हणजे ‘येथे काही नाही’, अशी खूण भरली. तुलना करताना जावास्क्रिप्ट ‘नल’ला शून्य समजते. शून्य हे ९ पेक्षा कमी, म्हणून तिचे नाव यादीत आले.

दोन्ही मुलींची वजने आज्ञावलीला ठाऊक नव्हती. तरी एकीला आहार मिळाला, दुसरी वगळली गेली. पडद्यावर एकही तांबडी ओळ उमटली नाही. यादी नीटनेटकी छापून निघाली, आणि जिला आहाराची सर्वांत अधिक गरज होती, तीच तिच्याबाहेर राहिली. पायथन भाषेत हीच नोंद याच पद्धतीने वाचली असती, तर नसलेला रकाना वाचतानाच काम थांबले असते; आणि ‘नन’ या तिच्या रिकाम्या खुणेची ९ शी तुलना करू जाता तेथेही ती अडली असती. अशा अडण्याचा शिकणाऱ्याला राग येतो खरा. पण त्या अडण्यानेच दुसरी मुलगी कोणाच्या तरी नजरेस पडली असती.

रिकामेपणाच्या या खुणेचा इतिहासही उद्बोधक आहे. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ साली अल्गॉल डब्ल्यू या भाषेची आखणी करताना ‘नल’ची सोय ठेवली, कारण ती करावयास फार सोपी होती. २००९ साली लंडनमधील एका परिषदेत त्यांनी स्वतःच तिला आपली एक अब्ज डॉलरची चूक म्हटले. त्या सोयीमुळे उद्भवलेल्या दोषांनी आणि बंद पडलेल्या कामांनी एवढे नुकसान केले असावे, असा त्यांचा अंदाज होता.

आता दोष शोधावा कसा, ते पाहू. समजा, पडद्यावर अशा अर्थाची ओळ आली : ‘अनडिफाइंडचे गुणधर्म वाचता येत नाहीत, वाचत होतो : नाव’. आज्ञावलीत लिहिले होते ‘मूल.आई.नाव’. नवशिक्याची दृष्टी लगेच ‘नाव’ या शब्दावर खिळते आणि तो तेथेच शोध घेत बसतो. परंतु या ओळीचा खरा अर्थ असा की, ‘नाव’ ज्याच्यावर वाचावयाचे, ते ‘आई’चे पत्रच मिळालेले नाही. दोष टिंबाच्या उजवीकडे नसून डावीकडे आहे. तेथून एकेक पाऊल मागे जावे. हे पत्र कोणी भरले? कोठून आले? तेव्हा त्यावर कोणते रकाने होते? ऑब्जेक्टातील सर्व गुणधर्मांची नावे छापून पाहिली, म्हणजे ‘वजन’ऐवजी ‘भार’ आल्याचे एका दृष्टिक्षेपात कळते.

मराठी अक्षरांत गुणधर्मांची नावे लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘शेतकऱ्यांची_संख्या’ या नावातील ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येते. तसेच ‘र’ आणि नुक्ता असे दोन संकेत जोडूनही लिहिता येते. छापल्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण जावास्क्रिप्टच्या लेखी ती दोन निरनिराळी नावे होत. एका पद्धतीने भरलेला रकाना दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही, आणि डोळ्यांना तर दोष दिसतच नाही. यासाठी नावे एकरूप करणारी ‘नॉर्मलाइझ’ ही सोय २०१५ सालापासून त्या भाषेत आहे. बाहेरून आलेली नावे वापरण्यापूर्वी त्या चाळणीतून काढावीत.

दोष होऊच नये म्हणूनही काही उपाय आहेत. २०१२ साली पुढे आलेली टाइपस्क्रिप्ट ही भाषा, पत्रावर कोणकोणते रकाने असावयाचे हे आधीच लिहून घेते आणि चुकीचे नाव आज्ञावली चालविण्यापूर्वीच दाखवून देते. मात्र प्रत्यक्ष बाहेरून येणारे पत्र तसे आहे की नाही, हे ती पाहत नाही. ती तपासणी दाराशीच करावी : रकाना आहे काय, त्यात संख्या आहे काय, ती शक्य कोटीतली आहे काय? जे पत्र या कसोटीस उतरणार नाही, ते बाजूला काढून माणसापुढे ठेवावे.

काही उपाय मात्र जपून वापरावे लागतात. २०२० साली जावास्क्रिप्टच्या प्रमाणरूपात ‘?.’ हे चिन्ह आले. डावीकडील वस्तू ‘नल’ किंवा ‘अनडिफाइंड’ असेल, तर ते न अडता ‘अनडिफाइंड’ परत देते. आईचे नाव ऐच्छिक असेल तेथे ही सोय उत्तम; पण वजन आवश्यक असेल तेथे ती तोंडाला कुलूप घालते. कोऱ्या रकान्यात गुपचूप शून्य घालण्याची सवय तर त्याहून वाईट. शून्य हे एक मोजमाप आहे. नोंद नसणे म्हणजे मोजमाप न होणे. या दोहोंतील भेद पुसला गेला की सरासरी बिघडते, यादी बिघडते, आणि बिघाड कोठे झाला हे सांगणारी खूणही उरत नाही.

वाचकांपैकी अनेकांना स्वतः आज्ञावली लिहावयाची नसेल. तरीही मुलांपाशी बसून त्यांना एवढे अवश्य विचारता येईल : ‘ही तांबडी ओळ काय म्हणते, ते मला मोठ्याने वाचून दाखव पाहू. ती घालविण्यासाठी तू काय केलेस? रकाना रिकामा असेल तर तुझी आज्ञावली काय करील?’ या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलाला देता आले नाही, तर त्या दिवशीचे काम अजून संपलेले नाही, असे खुशाल समजावे. शिधापत्रिका, शिष्यवृत्ती, लस, निवृत्तिवेतन यांच्या नोंदी आज संगणकावर असतात, आणि त्यांतील प्रत्येक रकान्यामागे कोणीतरी माणूस उभा असतो. त्या नोंदींच्या आज्ञावल्या उद्या लिहिणारी मुले आज आपल्याच घरांत हे धडे गिरवीत आहेत.