गोंदण आणि चुंबकाची धास्ती

एमआरआय तपासणीसाठी आलेल्या रुग्णास केवळ अंगावर गोंदण आहे म्हणून परत पाठवावे काय? महाराष्ट्रात हा प्रश्न हौशी तरुणांपुरता मर्यादित नाही. कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर गोंदून घेतलेल्या कितीतरी वृद्ध स्त्रिया मेंदूच्या व मणक्याच्या विकारांसाठी शहरातील रुग्णालये गाठतात. मेल्यावर सारे मागे राहते, गोंदण तेवढे सोबत येते, अशी ज्यांची श्रद्धा, त्यांना तेच गोंदण निदानाच्या आड येते असे सांगणे क्रूरपणाचे ठरेल. सुदैवाने ते खरेही नाही.

भीती अगदीच निराधार आहे, असे मात्र नव्हे. या यंत्रातील चुंबक सामान्यतः दीड ते तीन टेस्ला शक्तीचे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या निदान वीस हजार पट प्रबळ असते. शिवाय तपासणीच्या वेळी शरीरात रेडिओलहरी सोडल्या जातात. रंगात लोहाचे संयुग असेल तर त्या जागी चुरचुर होते, त्वचा तापते, क्वचित भाजतेही. भुवया व पापण्यांच्या कडा कायमच्या रंगवून घेण्याची जी नवी टूम निघाली आहे, तिच्यात असे रंग आढळतात. आपले जुने गोंदण बहुधा काजळीचे. काजळी म्हणजे कार्बन, आणि त्याला चुंबक ओढीत नाही.

लंडनमधील संशोधकांनी ३३० गोंदलेल्या व्यक्तींची तपासणी करून २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकूण ९३२ गोंदणे होती. गोंदणामुळे त्रास झाला तो एका व्यक्तीस, तोही सौम्य व एका दिवसात शमणारा. फार मोठी गोंदणे या अभ्यासातून वगळली होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही सरसकट नकाराला येथे आधार सापडत नाही.

खरा धोका आहे तो अन्यत्र. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात प्राणवायूचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरलेला रुग्णाचा एक नातेवाईक चुंबकाकडे खेचला गेला व प्राणास मुकला. जेथे सिलिंडर आत जाऊ शकतो, तेथे गोंदणाची चिकित्सा करीत बसणे हा विनोदच म्हणावयाचा!

वस्तुतः उपाय साधे आहेत. इंग्रजी छापील कागदावर अंगठा उमटवून घेण्याऐवजी रुग्णास त्याच्या भाषेत विचारावे: अंगावर गोंदण कोठे आहे, केव्हाचे आहे, शरीरात पेसमेकर वा धातूचा तुकडा आहे काय? मोठ्या व दाट गोंदणावर गार ओले फडके ठेवता येते. हातात दिलेली घंटा कशासाठी आहे, हे तपासणीपूर्वी नीट समजावून द्यावे. चटका जाणवताच ती दाबावयाची असते. एरवी आमच्या सोशिक आजीबाई, डॉक्टर रागावतील म्हणून, मुकाट्याने भाजून घेतील.