शिसवाचे नाव आणि शिसवाचा नाद

बँकेत तारण म्हणून आलेल्या वस्तूची किंमत ठरवताना एक गोष्ट मी लवकर शिकलो. मालक सांगतो ती किंमत बहुधा नावाची असते. वस्तूची किंमत आपल्याला वेगळी काढावी लागते. गेल्या महिन्यात नातवासाठी गिटार घ्यायला गेलो, तेव्हा हे पुन्हा आठवले. त्याचा हट्ट एकच : पाठ शिसवाचीच हवी. शेजारी टांगलेली महोगनीची गिटार बरीच स्वस्त होती, पण तिच्याकडे तो बघायलाही तयार नव्हता.

गिटारीचा आवाज मुळात येतो कोठून? तारांचे कंपन घोडीतून वरच्या फळीत उतरते आणि ही फळी हवा हलवते. जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची ही फळी बहुधा स्प्रूसची असते. स्प्रूस वजनाला हलके, पण तंतूंच्या दिशेने ताठ. ही निवड चुकली तर पुढे कोणी सावरू शकत नाही. पाठीचे आणि बाजूंचे काम त्यामानाने दुय्यम. शिसवाची फळी टिचकी मारली तर घंटेसारखी वाजते हे खरे. पण तो नाद तयार वाद्यात कितीसा उरतो? स्पेनच्या आन्तोनिओ दे तोरेस या थोर कारागिराने १८६२ साली एका गिटारीची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या होत्या. वरची फळी मात्र लाकडाची!

इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली याहून रोखठोक परीक्षा प्रसिद्ध केली. एकसारख्या सहा गिटारी, फरक फक्त पाठ-बाजूंच्या लाकडाचा. बावन्न वादकांना वेल्डिंगवाल्याचे गडद चष्मे घालून त्या वाजवायला दिल्या. महाग ब्राझिली शिसव आणि साधे लाकूड यांच्या गुणांत फारसे अंतर पडले नाही.

आणि या ब्राझिली शिसवापायी काय झाले, ते पाहा. लाकूड मिळेना, तेव्हा अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने १९६९ साली आपल्या भारतीय शिसवाकडे मोर्चा वळवला. ‘बदली’ म्हणून आलेले आपले लाकूड पुढे स्वतःच मानाचे ठरले. १९९२ साली ब्राझिली शिसवाच्या व्यापारावर साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराने जवळपास बंदीच घातली. चीनमधील उंची फर्निचरची भूक वाढली, तशी २०१७ साली शिसवाच्या साऱ्या कुळावरच परवान्याची अट आली. गिटारीला लागते ते लाकूड या व्यापारात चिमूटभर, पण दौऱ्यावर निघालेले वादकही विमानतळावर कागदपत्रांच्या काळजीत पडले. २०१९ साली जिनिव्हाच्या परिषदेने तयार वाद्ये वगळली, तेव्हा कोठे ते सुटले.

आपल्याकडची कथा याहून गमतीची. गिब्सन कंपनीवर २०११ साली अमेरिकी सरकारने छापा घातला, त्यातला एक वाद होता भारतातून गेलेल्या पट्ट्यांचा : हे अर्धवट कापलेले लाकूड की तयार सुटा भाग? निर्यातीच्या नियमांत या दोहोंना वेगळी वागणूक. २०१२ साली कंपनीने मादागास्करच्या आबनुसाबाबत तीन लाख डॉलर दंड भरून मिटवले; भारतीय लाकूड मात्र तिला परत मिळाले. दिवाणखान्यातल्या फर्निचरसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले आमचे शिसव परदेशी न्यायखात्याच्या फायलीत जाऊन बसेल, असे आमच्या आजोबांना सांगितले असते तर त्यांनी मला चहा पाजून झोपायला पाठवले असते.

पण झाडाकडे बघितले की थट्टा सरते. सह्याद्रीतले शिसव फार सावकाश वाढते. चांगल्या जाडीच्या खोडाला कित्येक दशके लागतात, आणि जागतिक यादीत ते ‘असुरक्षित’ म्हणून नोंदले आहे. व्याज मंदपणे साठणारी ठेव मुदतीपूर्वी मोडायची, तर कशासाठी मोडतो आहोत ते विचारायला नको? कानाला न कळणाऱ्या फरकासाठी?

नातवाला मी दुकानात पाठ फिरवून उभे केले. दुकानदाराने दोन्ही गिटारी आळीपाळीने पाच वेळा वाजवल्या. त्याने दोनदा बरोबर ओळखले. मग तो वळला, शिसवाच्या जांभळट रेषांवरून बोट फिरवले आणि म्हणाला, ‘आजोबा, पण ही दिसते छान.’ त्या वादावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही अजून काही घेतलेले नाही.